गर्दीच्या कानापर्यंत: लिओ फेंडर

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यावर बाल्बोआ नावाचा जमिनीचा एक चिंचोळा पट्टा समुद्रालगत पसरला आहे. तेथे पाण्याच्या अगदी जवळ रॉन्देव्हू बॉलरूम हे प्रशस्त नृत्यगृह उभे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेतील नामवंत जॅझ वाद्यवृंद तेथे वाजवून गेले. १९६० च्या सुमारास मात्र त्या सभागृहाचा ताबा लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांनी घेतला. शनिवार-रविवारी हजारोंच्या संख्येने तरुण मुले-मुली जमत, पाय आपटून नाचत आणि मंचावर डिक डेल नावाचा डावखुरा तरुण गिटारच्या जाड तारांवर असा तुटून पडे, की त्याच्या मागे ठेवलेला ॲम्प्लिफायर तापून धूर सोडू लागे. अशाच एका रात्री त्या गर्दीच्या मधोमध पन्नाशी ओलांडलेला, साध्या कपड्यांतला एक गृहस्थ येऊन उभा राहिला. तो नाचायला आला नव्हता आणि ते संगीत त्याच्या आवडीचेही नव्हते. आपण तयार केलेला आवाज या माणसांच्या भिंतीतून पलीकडे जातो की नाही, एवढेच त्याला पाहायचे होते.

ते गृहस्थ म्हणजे क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर, अर्थात लिओ फेंडर. टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर आणि प्रिसिजन बेस या तीन वाद्यांमुळे त्यांचे नाव जगभरातील रॉक वादकांच्या तोंडी आहे. या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती, आणि ती सुरात लावण्याची कलाही त्यांनी शेवटपर्यंत आत्मसात केली नाही, ही गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते. वाद्ये घडवणारी माणसे सहसा वादकांच्या घरात किंवा सुतारांच्या घराण्यात जन्माला येतात. फेंडर यांचा जन्म रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर झाला असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

प्रत्यक्षात तो झाला १० ऑगस्ट १९०९ रोजी, ॲनहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मधल्या संत्र्यांच्या बागेत. आईवडील शेतकरी होते. आठव्या वर्षी गाठ झाल्याने लिओचा डावा डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवण्यात आला. लहानपणी त्याने पियानोचे धडे घेतले, काही दिवस सॅक्सोफोनही फुंकला, पण मन रमले नाही. मन गुंतले ते मामाच्या उद्योगात. सांता मारिया येथे त्याच्या मामाचे मोटारींच्या विद्युत दुरुस्तीचे दुकान होते. मामाने बॅटरी आणि टाकाऊ सुट्या भागांनी भरलेली एक पेटी भाच्याला पाठवली. पुढे लिओ तेथे गेला तेव्हा मामाने स्वतः जुळवलेला रेडिओ दुकानापुढे कर्ण्यावर मोठ्याने वाजत होता. त्या आवाजाचा आपल्या मनावर खोल ठसा उमटल्याचे फेंडर उतारवयातही सांगत. शाळकरी वयात तो ओळखीच्यांचे रेडिओ दुरुस्त करू लागला, पण महाविद्यालयात जाऊन शिकला तो हिशेबनिशी. विद्युतशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्याने कधी घेतलेच नाही.

पोटासाठी फेंडर यांनी बर्फाच्या कंपनीत काम केले, राज्याच्या महामार्ग खात्यात आणि नंतर टायरच्या कंपनीत हिशेब लिहिले. या काळात हॉलिवूड परिसरात नाचाचे कार्यक्रम करणाऱ्या एका वाद्यवृंदप्रमुखाने त्यांना सहा ध्वनिक्षेपण संच बांधून द्यायला सांगितले. गिटारचा विचारही मनात नसताना त्यांच्या हातून जे पहिले सार्वजनिक काम झाले ते हे. चरित्रकार या प्रसंगाला दोन ओळींपेक्षा अधिक जागा देत नाहीत. मला तो त्यांच्या साऱ्या आयुष्याचा आरंभबिंदू वाटतो. मंदीच्या दिवसांत नोकरी गेली तेव्हा त्यांनी सहाशे डॉलर कर्जाऊ घेतले आणि १९३८ मध्ये फुलर्टनला फेंडर रेडिओ सर्व्हिस हे दुकान थाटले. पत्नी एस्थर टेलिफोन कंपनीत नोकरी करीत होती, आणि दुकानाच्या पडत्या काळात घर तिच्या पगारावर चालले.

दुकानात रेडिओ, तबकड्या वाजवण्याची यंत्रे, घरगुती उपकरणे दुरुस्तीला येत. त्यांच्या जोडीला गावोगावचे वादकही येऊ लागले. कोणाच्या माइकमधून घरघर येई, कोणाचा स्पीकर फाटलेला असे. फेंडर ध्वनिक्षेपण संच विकत, भाड्यानेही देत आणि नाचाच्या कार्यक्रमांना, मैदानावरच्या सामन्यांना जाऊन ते स्वतः चालवीत. मोकळ्या मैदानात आवाज कसा विरतो, पत्र्याच्या छपराखाली तो कसा घुमतो, आणि माइक स्पीकरच्या तोंडासमोर आला की तो कसा शिट्टी मारतो, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी तोच संच मोडक्या अवस्थेत टेबलावर येई. कोणता भाग आधी निकामी होतो, कोणत्या जोडाचा डाख सुटतो आणि तिथवर पोहोचायला किती स्क्रू काढावे लागतात, याची नोंद त्यांच्या मनात आपोआप होत गेली.

युद्धकाळात दक्षिण कॅलिफोर्निया माणसांनी भरून गेला. दुष्काळाने उजाड झालेल्या ओक्लाहोमा-टेक्सासकडून आलेली कुटुंबे आधीच तेथे होती, त्यांत विमानांच्या आणि जहाजांच्या कारखान्यांतील कामगारांची भर पडली. खिशात पैसा होता आणि पाळी संपल्यावर नाचायला जागा हवी होती. टेक्सासकडची वेस्टर्न स्विंग नावाची ठसकेबाज नृत्यधून या लोकांनी बरोबर आणली होती. तिच्यावर शेकडो जोडपी एका वेळी नाचत. बिअरचे पेले, बुटांचे खटके, अधूनमधून हाणामारी, आणि या साऱ्याच्या वर बॉब विल्स किंवा स्पेड कूली यांचे भलेथोरले वाद्यवृंद. अशा ठिकाणी फिडल, ढोल आणि ट्रंपेट कसेबसे निभावून नेत. गिटार मात्र बुडून जाई.

गिटारला विद्युत पिकअप लावण्याची कल्पना नवी नव्हती. रिकनबॅकर कंपनीची हवाई पद्धतीची विद्युत गिटार १९३० च्या दशकाच्या आरंभीच बाजारात आली होती. आपल्याकडच्या जुन्या चित्रपटसंगीताच्या रसिकांना मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवली जाणारी ही गिटार चांगलीच परिचित आहे. अडचण होती ती उभ्या, पोकळ पोटाच्या गिटारची. पोकळ लाकडी पेटी मुळातच हवेच्या कंपनांना साथ देण्यासाठी बनवलेली असते. ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवला की स्पीकरमधून निघालेली कंपने त्या पेटीला हलवतात, पेटी तारांना हलवते, तारांचे कंपन पिकअप पुन्हा ॲम्प्लिफायरकडे पाठवतो आणि या फेऱ्यातून कान फाडणारा हुंकार उठतो. फेस्ताच्या किंवा उत्सवाच्या मंचामागे कधी उभे राहिलेल्या माणसाला हे अधिक समजावून सांगायला नको. शांत खोलीत वादक आवाज कमी ठेवून सुटका करून घेई. गोंगाटाच्या दालनात तो मार्गच नव्हता.

फेंडर आणि त्यांचे मित्र डॉक कॉफमन यांनी युद्धाच्या धामधुमीत एक पिकअप तयार केला आणि तो तपासण्यासाठी भरीव लाकडाची एक ओबडधोबड गिटार बनवली. ती विकण्यासाठी नव्हतीच. तरीही आसपासच्या वादकांना तिचा पत्ता लागला आणि ते ती भाड्याने नेऊ लागले. तिच्यात पोकळी नसल्याने आवाज वाढवूनही ती किंचाळत नव्हती. १९४५ मध्ये दोघांनी के अँड एफ या नावाने हवाई गिटार आणि लहान ॲम्प्लिफायर बनवण्याचा उद्योग सुरू केला. कर्जाच्या धास्तीने कॉफमन पुढच्याच वर्षी बाजूला झाले, तथापि त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. उद्योगाला फेंडर यांचे नाव मिळाले. दुकान मागे पडले, कारखाना उभा राहिला.

या पहिल्या पिढीतील ॲम्प्लिफायर नीट न्याहाळले तर त्या काळच्या मंचाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पाइन लाकडाची भक्कम पेटी, तिच्यावर प्रवासी बॅगांना लावतात तसले जाड कापड, वर चामड्याची मूठ. मागच्या बाजूला एकाहून अधिक जोडण्या, आणि त्यांतली एखादी खास माइकसाठी. म्हणजे एकच पेटी गिटारवादक आणि गायक दोघे मिळून वापरत, क्वचित ॲकॉर्डियनही त्यातच जोडले जाई. वेगळा ध्वनिसंयोजक, वेगळे मिक्सर, वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेले स्पीकर, यांतले काहीही नव्हते. संध्याकाळी गाडीतून पेटी उतरवायची, भिंतीतल्या खटक्यात दोरी खोचायची आणि वाजवायला सुरुवात करायची. ती रात्रभर चालली तर पोटाला भाकरी, मध्येच बंद पडली तर प्रेक्षकांच्या शिव्या आणि बुडालेले मानधन. फेंडर यांचे गिऱ्हाईक हे असे होते.

१९५० मध्ये बाजारात आलेली त्यांची भरीव गिटार पाहून प्रस्थापित कारागिरांनी नाके मुरडली. झाडाच्या फळीला दांडी ठोकली आहे, असे तिचे रूप. व्हायोलिनसारखी नाजूक कोरीव वळणे नाहीत, दांडी सरसाने चिकटवलेली नाही, चार स्क्रूंनी आवळलेली. पण दांडी वाकली तर ती पाच-दहा मिनिटांत काढून दुसरी लावता येई. खटके आणि तारजोडणी ज्या पत्र्यावर बसवली होती तो उचलला की सारे काम समोर. घोडीवरचे आधार मागेपुढे सरकवून सूर मिळवता येई. ब्रॉडकास्टर हे तिचे पहिले नाव ग्रेच कंपनीच्या ढोलांच्या नावाशी मिळतेजुळते निघाल्याने बदलावे लागले आणि १९५१ मध्ये, दूरचित्रवाणीच्या नव्या वाऱ्याला साजेसे, टेलिकास्टर हे नाव रुळले. भरीव विद्युत गिटारचे जनक म्हणून फेंडर यांचा सरसकट उल्लेख केला जातो, तो मात्र खरा नाही. लेस पॉल यांचे प्रयोग आधीचे आहेत, पॉल बिग्स्बी यांनी मर्ल ट्रॅव्हिस यांच्यासाठी बनवलेली गिटारही आधीची. फेंडर यांनी ती कारखान्यात भराभर बनेल, परवडेल आणि मोडली तर सहज दुरुस्त होईल अशी केली. दुरुस्तीच्या टेबलावर आयुष्य काढलेल्या माणसालाच हे सुचावे.

त्याच वर्षी आलेला प्रिसिजन बेस हा त्याहून मोठा पल्ला होता, असे माझे मत आहे. तोवर वाद्यवृंदातील खर्जाची बाजू सांभाळणारा डबल बेस म्हणजे माणसाहून उंच अवजड वाद्य. मोटारीच्या टपावर दोरांनी बांधून न्यायचे, पावसात भिजवायचे आणि एवढे करून गोंगाटात ते कोणाला ऐकू यायचे नाही. त्याच्यासमोर माइक ठेवला की हुंकार ठरलेला. त्याच्या दांडीवर पडदे नसल्याने, स्वतःचा आवाजच ऐकू येत नसलेल्या वादकाचे बोट हमखास घसरे. फेंडर यांनी तो खर्ज गिटारच्या आकारात आणला. गळ्यात पट्टा अडकवून उभ्याने वाजवायचे, आणि पडद्यांवर बोट ठेवले की नेमका सूर. प्रिसिजन हे नाव त्या नेमकेपणावरून पडले. तारेची लांबी किती असावी हे ठरवण्यासाठी त्यांनी अनेक मापे करून पाहिली आणि चौतीस इंचांवर थांबले. आजही बहुतेक बेस गिटारी त्याच मापाच्या असतात. लायोनेल हॅम्प्टन यांच्या जॅझ वाद्यवृंदातील मंक मॉन्टगोमेरी यांनी ते वाद्य हाती घेतल्यावर त्याची चर्चा सर्वत्र सुरू झाली. गोव्यात फेस्ताच्या रात्री दूरच्या वाड्यावरून आधी ऐकू येते ती याच बेसची धडधड. गाण्याचे शब्द मागाहून पोहोचतात.

खर्जाला जास्त हवा ढकलावी लागते, म्हणून शक्तीही जास्त लागते. गिटारच्या पेटीत बेस जोडला तर स्पीकरचा कागदी शंकू फाटतो. त्यामुळे १९५२ मध्ये बेसमॅन हा स्वतंत्र ॲम्प्लिफायर आला. आधी त्यात पंधरा इंची एकच स्पीकर होता, पुढे दहा इंची चार झाले. गंमत अशी, की या बदललेल्या बेसमॅनवर बेसवादकांपेक्षा गिटारवादकच अधिक खूश झाले. भार वाढला की त्याचा आवाज फुटे, पण तो फुटणेही गोड लागे. फेंडर यांचा स्वतःचा ओढा स्वच्छ, न फुटलेल्या आवाजाकडे होता. रॉकच्या वादकांनी त्यांच्या यंत्रातून नेमका तो दोष उचलला आणि त्यालाच आपली भाषा बनवले.

कारखान्यातून निघणारी प्रत्येक नवी वस्तू आधी कोठल्या तरी नृत्यगृहात जाई. फेंडर आणि त्यांचे सहकारी जॉर्ज फुलर्टन संध्याकाळी गाडीत नमुना टाकून निघत. लॉस एंजेलिसजवळच्या रिव्हरसाइड रँचो या नृत्यगृहात जिमी ब्रायंट या वादकाच्या हाती त्यांनी आपली भरीव गिटार दिली तेव्हा नाचणारे थांबून ऐकू लागले, अशी आठवण फुलर्टन सांगत. फेंडर यांची एक सवय मात्र वादकांना अवघड करून टाकी. कार्यक्रम रंगात आलेला असतानाही ते मंचावर चढत, वाजत्या ॲम्प्लिफायरच्या मागे जाऊन बटणे फिरवीत, स्पीकरला कान लावीत. प्रेक्षक हसत आहेत, वादक डोळे वटारत आहेत, याची त्यांना दखलही नसे. तक्रार घेऊन येणाऱ्या वादकाचे म्हणणे ते तासन्‌तास ऐकत. गिटारची धारदार कड बरगडीत रुतते, ही बिल कार्सन आणि इतरांची तक्रार होती. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला कडा घासून अंगाला बिलगणारा आकार मिळाला, त्यामागे ती तक्रार आहे. हवाईचे गिटारवादक फ्रेडी टव्हारेस आदल्याच वर्षी कारखान्यात रुजू झाले होते. फेंडर यांना जे वाजवून पाहता येत नव्हते ते टव्हारेस वाजवून दाखवत.

डिक डेल कारखान्यात आले ते याच वळणावर. फेंडर यांनी त्यांना स्ट्रॅटोकास्टर आणि ॲम्प्लिफायर दिला. डेल गिटार उलटी धरीत, तारा न बदलता, म्हणजे जाड तार खाली आणि बारीक वर. तारा नेहमीपेक्षा कितीतरी जाड, आणि त्यांवरची नखी एवढ्या वेगाने चाले की ती झिजून जाई. ॲम्प्लिफायर एकामागून एक परत येऊ लागले. ट्रान्सफॉर्मर जळालेले, स्पीकरचे शंकू फाटलेले, त्यांतली गुंडाळी अडकून बसलेली. आपण पन्नासच्या आसपास ॲम्प्लिफायर जाळले, असे डेल मुलाखतींतून सांगत. वादकांच्या आठवणींतील आकडे वाढत जाण्याची रीत सर्वत्र सारखीच आहे, तेव्हा त्या संख्येवर फार विसंबू नये. पण परत येणाऱ्या मोडक्या पेट्या खऱ्या होत्या, आणि कारखान्यात तपासताना ठणठणीत वाजणारी वस्तू बाल्बोआला का कोसळते, हे कोडेही खरे होते.

त्याचे उत्तर फेंडर आणि टव्हारेस यांना बॉलरूममध्ये उभे राहिल्यावर मिळाले. रिकाम्या खोलीत भिंती आणि जमीन आवाज परतवतात, म्हणून लहान यंत्रही मोठे वाटते. माणसांनी भरलेल्या सभागृहात अंगे आणि कपडे तो आवाज शोषून घेतात, विशेषतः वरच्या पट्टीतला. तीन हजार माणसे म्हणजे चालतीबोलती कापसाची गादी. त्यात त्यांच्या पायांचा आणि ओरड्याचा गोंगाट. मागच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी डेल बटणे शेवटच्या टोकाला नेत, आणि यंत्र आपल्या ताकदीच्या पलीकडे ताणले जाई. दोष वादकाच्या हाताचा नव्हता. फेंडर यांच्या जागी दुसरा कारखानदार असता तर त्याने आवाज कमी ठेवण्याची सूचना छापून पेटीला चिकटवली असती.

त्यांनी ट्रान्सफॉर्मर मोठा केला. जेम्स बी. लान्सिंग यांच्या कंपनीचा पंधरा इंची दणकट स्पीकर निवडला. तोही टिकेना तेव्हा शंकूची कड लवचीक करून घेण्यात आली, असे डेल सांगत. शो-मॅन हा नवा ॲम्प्लिफायर १९६० च्या अखेरीस आला, आणि पुढे दोन स्पीकरचा ड्युअल शो-मॅन. या नव्या मालिकेत यंत्राची पेटी आणि स्पीकरची पेटी वेगळी केलेली होती. वरकरणी साधी वाटणारी ही सुधारणा मंचावर काम करणाऱ्यांना फार मोलाची ठरली. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्या. प्रचंड हादरे देणाऱ्या स्पीकरच्या डोक्यावरच त्या बसवल्या की लवकर सैल होतात. शिवाय एकत्र पेटी उचलायला दोघेजण लागत, आता ओझे विभागले गेले. बटणे मागून पुढे आली, म्हणजे अंधाऱ्या मंचावर वादकाला पेटीवरून वाकून चाचपडावे लागेना. डेल यांच्या गाण्यासाठी आणि वादनासाठी प्रतिध्वनी देणारी वेगळी पेटीही १९६१ मध्ये आली. आत लांबलचक स्प्रिंगा, त्यांतून आवाज फिरवून काढायचा. पेटीला धक्का लागला की आत वीज कडाडल्यासारखा आवाज होई, तोही पुढे काही वादकांनी मुद्दाम वापरला. रॉन्देव्हू बॉलरूम १९६६ मध्ये आगीत भस्मसात झाले. जमिनीवर पाय आपटणारी ती पिढी तोवर पांगली होती.

दरम्यान लंडनच्या पश्चिम उपनगरात ढोलांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी, अमेरिकेहून येणारे फेंडर फार महाग पडते म्हणून, आपल्या माणसांकरवी बेसमॅनच्या आराखड्यावर बेतलेला ॲम्प्लिफायर बनवून घेतला. साल १९६२. तेथील वादकांना तो आणखी मोठा हवा होता, आणि काही वर्षांतच माणसाच्या उंचीच्या स्पीकरभिंती मंचावर उभ्या राहिल्या. यातून एक नवीच अडचण जन्मली. वाद्ये मोठी झाली, पण गायकाचा आवाज पोहोचवणारे ध्वनिक्षेपण संच भाषणांच्या आणि भजनांच्या मापाचेच राहिले. जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन स्ट्रॅटोकास्टर घेऊन मंचावर आले तेव्हा झालेल्या ओरडीमागे विद्युत वाद्यांचा राग होता, की शब्द ऐकू न आल्याची चीड होती, यावर अजून वाद चालतो. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर प्रेक्षकांपुढे बीटल्सचे गाणे बेसबॉलच्या घोषणांसाठी लावलेल्या कर्ण्यांतून ऐकवण्यात आले, आणि किंकाळ्यांच्या कल्लोळात त्या चौघांना स्वतःचे वादनही ऐकू येत नव्हते. तीसच्या दशकात फेंडर यांनी ज्या कामाने सुरुवात केली होती, ते काम आता नव्याने आणि वेगळ्या मापाने करावे लागणार होते. ते दुसऱ्यांनी केले.

फेंडर त्या वेळी आपल्या कारखान्याचे मालक उरले नव्हते. १९५५ पासून जडलेल्या घशाच्या आणि नाकाच्या चिवट संसर्गाने ते खंगले होते. आपण फार दिवस जगणार नाही अशी त्यांची समजूत झाली आणि जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएस या प्रसारणसंस्थेला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली. आदल्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीज या नामांकित बेसबॉल संघातील मोठा हिस्सा घेताना सीबीएसने मोजलेल्या रकमेपेक्षा ही रक्कम अधिक होती. विक्रीनंतर थोड्याच काळात दुसऱ्या डॉक्टरने वेगळे औषध दिले आणि ते खडखडीत बरे झाले. पण सही झालेली होती. स्वतःच्या नावाची पाटी असलेल्या कारखान्यात ते काही वर्षे केवळ सल्लागार म्हणून राहिले, आणि त्यांचा सल्ला फारसा कोणी घेतला नाही. मोठ्या संस्थेच्या अमलाखाली मालाची प्रत घसरल्याची तक्रार वादक करू लागले. जुन्या, विक्रीपूर्वीच्या गिटारी शोधून जादा दाम मोजण्याची चाल तेव्हापासून पडली. एका अर्थाने ते त्यांना मिळालेले प्रशस्तिपत्र होते, तथापि ते त्यांच्या कामी आले नाही.

करारातली स्पर्धाबंदी संपल्यावर १९७५ मध्ये ते म्युझिक मॅन कंपनीचे अध्यक्ष झाले. तेथील स्टिंगरे बेस हे त्यांचे उत्तरायुष्यातील सर्वांत यशस्वी काम. वाद्याच्या आतच बॅटरीवर चालणारी आवाज उचलणारी जोडणी त्यात होती. भागीदारांशी बिनसल्यावर जुने स्नेही जॉर्ज फुलर्टन यांच्यासह त्यांनी जी अँड एल ही कंपनी काढली, जॉर्ज आणि लिओ यांच्या आद्याक्षरांची. एस्थर १९७९ मध्ये कर्करोगाने गेली. पुढच्या वर्षी त्यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला. फुलर्टनमध्ये ज्या रस्त्यावर जी अँड एलचा कारखाना होता, त्या रस्त्याला फेंडर यांचेच नाव होते. त्यांचे नाव लावलेल्या गिटारी मात्र दुसरी कंपनी बनवीत होती, आणि ते रोज सकाळी त्या रस्त्याने येऊन तिच्याशी स्पर्धा करणारी वाद्ये बनवीत.

पार्किन्सनच्या आजाराने हात कापू लागले, बोलणे अस्पष्ट झाले, तरी येणे थांबले नाही. २० मार्च १९९१ रोजी ते नेहमीप्रमाणे कामावर होते. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांची प्रयोगशाळा सहकाऱ्यांनी पुढे अनेक वर्षे जशीच्या तशी ठेवली, टेबलावर अर्धवट जुळवलेले पिकअप आणि हाताशी ठेवलेली हत्यारे असलेली.